गुडघ्याखालचं पुणं

प्रिय मीरा आणि ईशान,

परवा फोनवर ईशानने विचारलं, की डिसेंबरात आम्ही आलो तर पुण्यात बघण्यासारखं काय आहे, आणि शनिवारवाडा सोडून सांग, तो दोनदा झाला. मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. त्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई गेल्या. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली आणि एका वक्त्याने त्यांना "मनमिळाऊ" म्हटलं. मी शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भूगोलाच्या बाई तिथे असत्या तर उठून म्हणाल्या असत्या, "पुरावा?"

म्हणून हे लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. शिवाय ईशानच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे ते बाईंमुळेच. मी इंग्रजीतून शिकले, जन्मभर इंग्रजी शिकवलं, तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण बाईंचं बोलणं इंग्रजीत नेलं की त्यातलं तिखट निघून जातं. आईकडून वाचून घ्या, अडेल तिथे मला फोन करा.

नेहमीच्या सवयीने मी आधी मुद्दे काढले: जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. पहिल्या दोन मुद्द्यांबद्दल मला काहीच माहीत नाही असं लक्षात आलं. त्यांचं नावसुद्धा मी इथे लिहीत नाही, कारण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुली "भूगोलाच्या बाई" म्हणायच्या, आम्ही शिक्षिकाही तेच म्हणायचो. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतरही आम्ही दोघी एकमेकींना शेवटपर्यंत अहोजाहोच करत राहिलो. तेव्हा थेट स्वभावापासून सुरुवात करते.

बाई उंच, वाळक्या अंगाच्या. सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर नेसलेली, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने एक लांब काळी छत्री. ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. पावसात बाई भिजत जायच्या आणि छत्री काखेत धरायच्या, कारण छत्रीचं काम दाखवण्याचं होतं. रस्त्याने चालताना मान खाली. मंडईत नवी भाजीवाली हमखास विचारायची, "मावशी, काय पडलं का?" बाई म्हणायच्या, "पडलं नाही, पुरलंय," आणि चालू लागायच्या.

त्यांचं म्हणणं असं, की मान वर करून जे बघायचं ते कोणीतरी दाखवण्यासाठी बांधलेलं असतं. कमानी, घुमट, पुतळे. गुडघ्याखाली जे असतं ते माणसांनी वापरलेलं असतं. "पुणं बघायचंय? वाका," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्याबरोबर गेलं की खरोखर वाकावं लागायचं.

मी शाळेत लागले तेव्हा लग्न होऊन मुंबईहून नुकतीच आले होते. पुणं मला परकं होतं. पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "चहा घ्यायला येता का? हॉटेल पलीकडच्या गल्लीत आहे." त्या पलीकडच्या गल्लीत पोचायला आम्हाला तासाभरावर वेळ लागला. वाटेत एका घराच्या दारात त्या थांबल्या. आत जायला पायऱ्या खाली उतराव्या लागत होत्या. मी म्हटलं, घर खचलेलं दिसतंय.

"घर होतं तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "रस्ता वर आलाय. दर निवडणुकीला डांबराचा एक थर. हे घर बांधलं तेव्हा पाच पायऱ्या चढून आत जायचे."

घराचे मालक बाहेर ओट्यावर बसले होते. ओटा म्हणजे दाराशेजारचा बसायचा कट्टा. तो आता रस्त्याच्या पातळीला आला होता, त्यामुळे मालक जवळजवळ रस्त्यातच बसले होते. तोंडासमोरचा पेपर खाली न करता ते म्हणाले, "सहा."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या पेपरला नमस्कार केला.

पुढे एका भिंतीत घोट्याच्या उंचीवर लोखंडी कडी होती. घोडा बांधायची. मी काही विचारायच्या आत बाई म्हणाल्या, "घोडा बुटका नव्हता." मग एका बंद पडलेल्या सार्वजनिक नळाखालचा दगड. बायका हंडे टेकवून टेकवून त्यात दोन गोल खळगे पडले होते, हात फिरवला तर गुळगुळीत लागावेत असे. बाईंनी मला खळग्यात तळवा ठेवायला लावला. इथे रांगेवरून किती भांडणं झाली असतील, त्या म्हणाल्या, आणि ती कुठल्या पुस्तकात आहेत सांगा. माझी कडक इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. चहा मात्र त्यांनी पाजला, आणि वर म्हणाल्या, "तुम्ही वाकलात. संस्कृतच्या बाई वाकल्या नव्हत्या."

बाईंचे तासही असेच. एकदा सातवीला नद्या शिकवत होत्या. मध्येच खडू ठेवला आणि अख्खा वर्ग रस्त्यावर नेला. शाळेच्या पुढच्या चौकात गटाराचं एक मोठं लोखंडी झाकण होतं. मुलींना गुडघ्यांवर बसवून त्यांनी झाकणाला कान लावायला सांगितलं. खाली पाणी वाहत होतं. गटारातलं सावकाश पाणी नव्हे, घाईत असलेलं. पुण्याच्या पोटातून जुने ओढे वाहतात, बाईंनी सांगितलं, आपण त्यांच्यावर दुकानं बांधली म्हणून ते काही संपले नाहीत. गणवेशातल्या मुली रस्त्याला कान लावून बसलेल्या पाहून स्कूटरवाले थांबले. एकाने गॅस गळतोय का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील मुख्याध्यापिकांकडे आले. माझ्या मुलीला गटाराला कान लावायला लावला, ही त्यांची तक्रार. बाईंना बोलावणं गेलं. मी काही कामाने तिथेच होते.

"गटार नाही, ओढा," बाई म्हणाल्या. "गटार आपण केलं."

मुख्याध्यापिकांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं.

"तिसरा धडा. नदीचा जन्म आणि मृत्यू. पुस्तकात जन्मच दिलाय. मृत्यू मी पुरवला."

त्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दर पावसाळ्यात त्यांच्या तळघरात पाणी यायचं. जाता जाता त्यांनी, थोडं लाजतच, विचारलं की हा ओढा पुढे कुठून जातो. बाईंनी छत्रीच्या टोकाने फरशीवर वळण काढून दाखवलं. ते त्यांच्या दुकानाखालूनच जात होतं. पुढच्या वर्षी त्यांनी जूनच्या आधीच माल वर हलवला आणि बाईंना पेढ्यांचा पुडा पाठवला. बाईंनी पेढा तोंडात टाकून सांगितलं, "ओढ्याने दिलेत."

आता शेंदराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शेंदूर म्हणजे तेलात कालवून मारुतीला लावतात ती केशरी पूड, तुम्ही पाहिली आहे. पुण्यात रस्त्याकडेच्या कुठल्याही जुन्या दगडाला कोणीतरी एकदा शेंदूर फासतं. मग त्या दगडाचा म्हसोबा होतो, त्याच्यापुढे नारळ फुटतात, अमावास्येला लिंबू येतं. बाई खऱ्या देवळाला कधी बोट लावायच्या नाहीत. देवाशी माझं भांडण नाही, त्या म्हणायच्या, पण ज्याने आयुष्यभर एक काम केलं त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारू नये. म्हणून खात्री पटलेल्या दगडांवरचा शेंदूर त्या रॉकेल आणि काथ्याच्या ब्रशने घासून काढायच्या. हे त्यांचं सुट्टीतलं काम.

आमच्या शाळेमागच्या बोळाच्या तोंडाशी, भिंतीच्या कोपऱ्याला टेकून, असाच एक गुडघाभर दगड होता. बैलगाडी वळताना चाक भिंतीला घासू नये म्हणून पूर्वी घरांच्या कोपऱ्यांना असे दगड पुरायचे. दिवाळीच्या सुट्टीत बाई सातवीच्या काही मुलींना घेऊन तो घासायला बसल्या. समोरच्या घरातून बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले. त्यांना गल्लीत सगळे अप्पा म्हणायचे.

"काय बाई, देवाला अंघोळ घालताय?"

"देवाला नाही, दगडाला."

"आमचा म्हसोबा आहे तो."

"कधीपासून?"

"आजोबांपासून."

"आजोबांच्या आधी बैलगाडी होती," बाई म्हणाल्या आणि घासत राहिल्या.

हळूहळू गल्ली जमली. भांडण होणार असं मला वाटलं, आणि झालंही, पण पुण्यातलं भांडण हे बरेचदा एकमेकांना माहिती पुरवण्यासाठी असतं. तेवढ्यात शेंदराच्या थराखालून दगडावरची आडवी खाच निघाली, वर्षानुवर्षं चाक घासून पडलेली. मुलींनी तीत बोटं घातली. अप्पाही खाली उतरले, बोट घालून बघितलं, आणि मग आत जाऊन बाईंना बसायला स्टूल घेऊन आले. पुढे अनेक वर्षं ते पाहुण्यांना तो दगड दाखवायचे आणि हे संशोधन आपलंच असल्यासारखं सांगायचे.

त्या मुलींत सगळ्यात जोरात घासणारी सुजाता होती. विश्रांतवाडीहून बस बदलून शाळेत यायची. तिच्या आजोबांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. हात लाल होईपर्यंत ती घासत होती. बाईंनी तिला दुसरा ब्रश दिला आणि म्हणाल्या, "दगड झिजवू नकोस." बाईंच्या तोंडून हे कौतुक होतं.

मग आम्ही दोघीही निवृत्त झालो. मी कर्वेनगरात राहायला आले, बाई नारायण पेठेतल्या त्यांच्या एका खोलीतच राहिल्या. फिरणं चालू होतं, फक्त वाकायला वेळ लागायचा आणि उठायला त्याहून जास्त. एका उन्हाळ्यात त्या बोळात सिमेंटचा रस्ता करायला घेतला. आम्ही बघायला गेलो तेव्हा काम उरकलं होतं. कोपरा साफ होता. दगडाच्या जागी ओलं सिमेंट आणि त्यात कुत्र्याच्या पावलांचे ठसे.

अप्पा आता काठी घेऊन चालत होते. ते बाहेर आले. कामाची माणसं काही वाईट नव्हती, त्यांनी सांगितलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही, उलट त्याच्याभोवती फरशी बसवून दिली. या दगडापाशी येऊन त्यांनी विचारलं, हा देव आहे का. गल्लीतल्या सगळ्यांनी, बाईंनीच शिकवल्याप्रमाणे, अभिमानाने सांगितलं की नाही, हा साधा दगड आहे, गाडीच्या चाकासाठीचा. मग त्यांनी तो उचलून ट्रकमध्ये टाकला.

मग अप्पा म्हणाले, "बाई, तुमचा दगड गेला. आमचा असता तर राहिला असता."

परतताना रिक्षात बाई एवढंच म्हणाल्या, "चिलखत होतं ते. मी खरवडलं." त्यानंतर त्यांनी फिरणं बंद केलं. मी जायचे तेव्हा छत्री दाराआड उभी असायची. रॉकेलची बाटली त्यांनी खालच्या बिऱ्हाडाला देऊन टाकली. मी म्हटलं, चला, पाय मोकळे करू. त्या म्हणाल्या, मोकळेच आहेत.

असं वर्षभर चाललं, आणि मग बाईंना सुजाताचा फोन आला. ती आता रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होती. तिच्याच भागात, विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्याच्या कडेचा फुटपाथ नव्याने करायचं काम चालू होतं. तिथे एका पंक्चरच्या दुकानाशेजारी मातीत अर्धा गाडलेला एक दगड निघाला होता. त्यावर आकडा कोरलेला दिसतोय, ती म्हणाली, आणि उद्या दुपारी जेसीबी तिथे पोचेल.

बाईंचा मला फोन. "उद्या सकाळी मोकळ्या आहात का? रिक्षा करून या."

रिक्षात त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. बंडगार्डनच्या पुलावर रिक्षाला धक्का बसला तशी पिशवी माझ्याकडे कलली आणि आतली कागदाची पुडी दिसली. पुडीच्या घडीतून केशरी रंग पाझरला होता. सोबत तेलाची लहान बाटली. मी बाईंकडे पाहिलं.

"बोलू नका," त्या म्हणाल्या.

सुजाता डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि अंगात चमकणारं जाकीट घालून उभी होती. तिने वाकून बाईंना नमस्कार केला आणि आम्हाला दगडापाशी नेलं. काळा, वरून गोल घडवलेला मैलाचा दगड. साहेबाच्या काळात रस्त्याकडेला रोवलेला. बाई खाली बसल्या, पदराच्या टोकाने माती पुसली. "पुणे" आणि त्याखाली "४" अशी अक्षरं निघाली. कोणे एके काळी इथे पोचलेल्या गाडीवानाला कळायचं की अजून चार मैल आहेत. आज तिथे उभं राहून कोणी सांगावं की हे पुणं नाही? बाई बराच वेळ त्या आकड्यात बोट फिरवत होत्या. वर्षभरात त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

सुजाताने अडचण सांगितली. नकाशात हा दगड नाही. नकाशात जे नाही ते उचलायचं, अशी कामाची रीत. देवळं मात्र सगळी आहेत. मोजणी करणाऱ्याला शेंदूर दिसला की तो खूण करतो आणि मग तिथे कोणी हात लावत नाही. मी दोन दिवस थांबवू शकते, ती म्हणाली, जास्त नाही, वरून विचारणा होते. इतका मोठा दगड उचलून ठेवायचा कुठे, हेही तिने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, मैलाचा दगड हलवला की तो खोटं बोलायला लागतो. तो इथेच राहिला तर चार.

मग त्यांनी पिशवीतून पुडी काढली.

सुजाता पुडीकडे बघत राहिली. तिने हेल्मेट काढून हातात घेतलं.

"बाई, हे तुम्ही लावणार?"

"दुसरा उपाय आहे?"

"आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा आजी जेवायची थांबली होती. तरी त्यांनी परत आणले नाहीत. सातवीत मी तुमच्याबरोबर तो बोळातला दगड घासला, त्या दिवशी घरी जाऊन आजोबांना सांगितलं होतं की आमच्या बाई तुमच्यासारख्याच आहेत. दगडाला दगड म्हणतात."

"तो दगड गेला, सुजाता."

"माहितेय. तो घासल्याचं मला अजून वाईट वाटत नाही."

मागे रस्त्यावरून बस गेली, तिच्या धुळीत तिघी उभ्या. मला वाटत होतं की बाईंनी डोळे मिटून पटकन लावून टाकावा, दगड वाचेल, आम्ही घरी जाऊ. आणि हेही कळत होतं की त्यांनी लावला, तर पुढे या मुलीकडे त्यांना सरळ बघता येणार नाही. बाईंच्या हातातली पुडी उघडी होती, त्यांचा अंगठा केशरी झाला होता.

त्यांनी पुडीची घडी घातली, पहिल्यापेक्षा नीट, आणि पिशवीत ठेवली.

"देवळं सोडून आणखी काय काय उचलत नाही तुम्ही?" त्यांनी विचारलं. वर्गात प्रश्न विचारावा तशा आवाजात.

"विजेचे डबे. झाडं, परवानगीशिवाय. आणि सरकारी खुणा. पाण्याच्या, सीमेच्या, किलोमीटरच्या दगडांसारख्या."

"त्या सरकारी आहेत हे तुमच्या माणसांना कशावरून कळतं?"

"रंगावरून. खाली पांढरा, वर…" सुजाता थांबली आणि एकदम हसली.

"हा दगड कोणी लावला होता?" बाईंनी विचारलं.

"सरकारने."

"मग खोटं काय आहे त्यात? सरकार बदललं तो दगडाचा दोष नाही. हार्डवेअरचं दुकान कुठे आहे इथे?"

रंग आणायला मी गेले. दुकानातून फोन करून विचारलं, वरच्या भागाला पिवळा घेऊ ना, चांगला दिसेल. बाई म्हणाल्या, पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्याच्या रस्त्याचा. हा शहरातला रस्ता आहे. काळा आणा, उगाच बढती देऊ नका.

पंक्चरवाल्याने तारेचा ब्रश आणि बसायला जुना टायर दिला. बाई टायरवर बसल्या आणि दगड घासला, हलक्या हाताने. सुजाताने पांढरा रंग दिला, मी डोक्याला काळा. अक्षरं बाईंनी स्वतः भरली, कोरलेल्या खाचेच्या बाहेर रंग जाऊ न देता. "४"च्या पुढे "मैल" हा शब्द मूळ दगडावर होता की नाही ते झिजल्यामुळे कळत नव्हतं. बाईंनी विचार करून तो बारीक अक्षरात घातला. नाहीतर लोक किलोमीटर समजतील, त्या म्हणाल्या, आणि आपण फसवल्यासारखं होईल. पंक्चरवाला सगळं बघत होता. त्याने मला हळूच विचारलं, "या सरकारी हायत का?" बाईंना ऐकू गेलं.

"निवृत्त," त्या म्हणाल्या.

जेसीबी दुपारी आला. चालक खाली उतरला, ओल्या रंगाकडे बघितलं, आणि लांबूनच ओरडला की मॅडम, हा सरकारी दगड आहे, याची परवानगी आहे का. सुजाता गंभीर चेहऱ्याने म्हणाली, नाही, मागवायला लागेल. तिने हातातल्या नकाशावर पेनने एक छोटा चौकोन काढला आणि बाजूला "मैलाचा दगड" लिहिलं. आम्ही समोरच्या रसवंतीत बसून उसाचा रस प्यायलो. बाईंनी दुसरा ग्लास मागवला. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची छत्री पुन्हा रस्त्यावर दिसू लागली. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आज अमक्या गल्लीत अमुक दिसलं. फक्त एक बदल झाला होता. कुठे शेंदराखाली जुना दगड दिसला तर त्या थांबायच्या, छत्रीने मला दाखवायच्या, तो काय आहे ते सांगायच्या, आणि न घासता पुढे जायच्या.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही तिघी पुन्हा विश्रांतवाडीला गेलो. फुटपाथ पुरा झाला होता. दगडाभोवती चौकोन सोडून फरशा बसवल्या होत्या. रंग तसाच होता. मात्र दगडाच्या काळ्या डोक्यावर कोणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं आणि पायाशी झेंडूचं एक फूल ठेवलं होतं.

मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. रुमाल त्यांनी काढला होता. त्या वाकल्या, आकड्यावरची धूळ पुसली, आणि ताठ झाल्या. कुंकू तसंच ठेवलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तेवढाच विमा."

सुजाता रस्त्यावरच्या वाहतुकीकडे बघत उभी होती. "मी काही पाहिलं नाही, बाई," ती म्हणाली.

बाईंना शेवटचं वर्षभर बाहेर पडता आलं नाही. नारायण पेठेतली ती खोली आता घरमालकाने परत घेतली आहे. सहा पायऱ्यांचं ते घर पाडून तिथे इमारत झाली, नळाखालचा खळग्यांचा दगडही गेला. पण चौकातल्या लोखंडी झाकणाखाली पाणी अजून वाहतं, आणि विश्रांतवाडीला पंक्चरच्या दुकानाशेजारी गुडघाभर उंचीचा, खाली पांढरा आणि वर काळा असा मैलाचा दगड आहे. त्यावर पुणे ४ मैल असं लिहिलेलं आहे. दर दिवाळीच्या आधी सुजाता त्याला रंग देते.

— आजी